ओले मोजे

हेक्सममधल्या छोट्या संग्रहालयात
काचेआड एक मोजा. डाव्या पायाचा.
पाटी सांगते: रात्री नदी ओलांडली,
तेव्हापासून या पलटणीचं नाव 'ओले मोजे'.

तिकिटं फाडणारी एनिड थर्लवेल हसते.
"कसली नदी! आजोबा पलटणीचे धोबी.
तपासणी दुपारी ठरलेली, साहेब उगवला पहाटेच.
दोरीवरचे तसेच चढवले सगळ्यांनी.
सातशे जण, पचक पचक कूच."

पुढे तीन पलटणींची एक झाली.
नवा बिल्ला, नवा क्रमांक;
टोपणनावाला तक्त्यात रकाना नव्हता.

नदीत किती राहिले ते
भिंतीवर कोरलंय, आडनावांच्या क्रमाने.
थर्लवेल त्यात दोन.

दर सोमवारी एनिड
मोज्याखालचा कागद बदलते.
भिंतीला ओल आहे, म्हणते.