खरं

फ्रिजच्या दारात, दुधाच्या पातेल्याशेजारी
फिल्मची दोन पाकिटं असतात.
आल्यागेल्याला सासूबाई सांगतात,
तिची औषधं आहेत.
मी खोडून काढत नाही.
एका पाकिटात आठ.
एक फोटो म्हणजे जवळपास अर्धा किलो कुंदा,
असा हिशेब नवऱ्याने एकदा हसत हसत केला.
तेव्हापासून कुंदा तोंडात टाकला
की आत कुठेतरी बटण दाबल्याचा आवाज होतो.

मी नाशिकची. इथे आले तेव्हा
'पण'च्या जागी 'खरं' ऐकून गडबडायचे.
"काढ की फोटो, खरं पोरगीकडं बघून."
"जा की वडगावला, खरं लवकर ये."
काय खरं, काय पण,
सहा वर्षं झाली, अजून एकेकदा थबकते.

वडगावात नीलव्वांचे चार माग
शुक्रवारी भंगारात जायचे होते.
कौलातल्या काचेतून साडेआठला ऊन उतरतं,
नऊपर्यंत धोट्याच्या टोकाशी थांबतं,
मग भिंत चढून जातं.
शाल्मलीला कडेवर घेऊन
हे मी तीनदा पाहून आले होते.
कॅमेरा न उचलता.
फिल्म वाया घालवायची नाही म्हणून,
आणि दुसरा हात मोकळा नव्हता म्हणून.

शुक्रवारी तिला ताप नव्हता.
ताप असता तर सांगायला बरं पडलं असतं.
तिला फक्त पिवळाच फ्रॉक हवा होता,
आणि तो तारेवर ओला होता.
मी तो इस्त्रीने वाळवला.
वाफ निघत होती, ती टाळ्या वाजवत होती,
घड्याळात नऊ वाजत होते.

पोचले तर खोली रिकामी.
जमिनीत सोळा भोकं, कडेने तेलाचा काळा घेर.
शेजारच्या घरातला माग मात्र चालूच,
त्याची खटखट भिंतीतून येत राहिली,
दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा वास यावा तशी.
नीलव्वा उंबऱ्यात बसल्या होत्या.
म्हणाल्या, "तड आतु, तंगी."
कानडीत तड म्हणजे उशीर.
आमच्यात तड म्हणजे काठ,
जिथे एकदाचं लागायचं असतं.

शाल्मलीने एका भोकात पायाचा अंगठा घातला
आणि मला बोलावलं, बघ, बसतो.
मी बटण दाबलं.
हे ठरवलं होतं असं म्हणणार नाही.

बाहेर आलेला फोटो सगळा राखाडी.
पंधरा मिनिटं त्याला अंधार हवा,
आणि डिसेंबरात ऊबही, नाहीतर रंग निळे पडतात.
मी तो स्वेटरच्या आत छातीशी धरला.
तेवढ्यात हिलाही तीच जागा हवी झाली.
नको, चुरगळेल, असं म्हणेपर्यंत
ती वर चढून झोपलीसुद्धा,
तेलकट अंगठा माझ्या कमरेला पुसून.
मी तशीच उभी. हलायचं नाही.
घामाने पाठ ओली,
पुढे दोन गोष्टी आपापल्या वेगाने तयार होत असलेल्या,
एकीचीही दुसरी प्रत निघत नाही.

फोटो आला. एका बाजूने दाबाची पांढरी रेघ,
फ्रॉकचा नुसता पिवळा धूर.
स्पष्ट काय, तर एक अंगठा आणि एक भोक.

तो मी नीलव्वांना दिला.
त्यांनी पदराने हात पुसून घेतला,
उजेडाकडे धरला, लांब केला, जवळ आणला.
"चलो बंदैती," म्हणाल्या.
मग मला कळावं म्हणून मराठीत,
"चांगला आलाय.
खरं, माग कुठं हाय?"

मी काही बोलले नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.
फोटो ब्लाऊजमध्ये, पैशांच्या पुरचुंडीशेजारी सरकवला
आणि चहा टाकायला आत गेल्या.

पाकिटात सात आहेत.
शाल्मली उठली की आधी शू म्हणेल,
मग खाऊ,
मग बोलावेल मला भोकं मोजायला.
तिला पाचपर्यंतच येतं.