राळ

फोंड्यात, सांतानच्या बेकरीवर,
पिठाची पोती ठेवायचे त्या माडीत
इर्मा टीचरनी होडीचं वल्हं भिंतीला आडवं ठोकलं होतं.
तोच आमचा बार.
आठ मुली : चार वल्ह्याला, चार खिडकीच्या गजांना.
भट्टीची ऊब तळव्यांत चढायची.
पोदेर सायकलचा भोंपू वाजवत निघायचा
त्याच्या आधीच आमचे पाय उघडलेले,
टाचेला टाच, पंजे दोन दिशांना.
बदकं, आई म्हणाली, एकदाच बघून.

बाकी काही म्हणाली नाही.
आमच्या घरात घुंगरू हा शब्द नव्हता.
तिच्या मावशीनं आपली जोडी
देवळाच्या तळीत सोडली होती रात्रीची,
आणि तिघी मुलींना शिवणयंत्रं घेऊन दिली.
तरी सोयरिकीच्या बोलण्यांत राळ उडायचीच.
ह्या नाचात घुंगरू नसतात, मी म्हटलं,
उडी मारून उतरताना
आवाजच करायचा नसतो.
तिनं बराच वेळ सुई ओवली.
मग माझ्या गुलाबी बुटांना फिती शिवल्या,
इतक्या बारीक टाक्यांनी
की पुढे पोर्तोत कपडेपटाच्या बाईनं विचारलं,
हे कुठल्या दुकानातलं काम?

आषाढात बुटांचा गोंद सुटायचा.
पाव काढून झाले की सांतान ते भट्टीच्या तोंडाशी ठेवायचा,
उलटे, उंड्यांच्या पाटीवर.
त्यांना करवंट्यांच्या धुराचा वास यायचा.
कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात राळ.
बुटांची टोकं तीत चुरडायची,
खडे करकर मोडायचे, मग पाय घसरत नाही.
'पांय न्हय, बाय. पाठ,' टीचर म्हणायच्या,
आणि काठीचं टोक दोन मणक्यांच्या मध्ये.
त्या स्वतः कधी रंगमंचावर गेल्या नव्हत्या.
शिकल्या होत्या लिस्बनहून आलेल्या एका पुस्तकातून,
त्याची चाळीस ते छप्पन पानं वाळवीनं खाल्लेली.
म्हणून आम्हाला उड्या यायच्या,
उड्यांच्या आधीचं काही येत नसे.
ते मी सतराव्या वर्षी शिकले,
आजोबांच्या जन्मनोंदीवर मिळालेला पासपोर्ट घेऊन गेले तिथं,
दहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत
सगळ्यांत उंच उभी राहून.

मग अकरा वर्षं.
मागची ओळ, डावीकडून तिसरी.
दर डिसेंबरात मी बर्फ व्हायचे.
वरून कागदाचा बर्फ पडायचा,
रात्री झाडून गोळा केलेला, उद्या परत तोच,
त्यात केसांच्या पिना, एकदा खिळा.
धाप लागलेली, एखादा कपटा जिभेवर यायचा.
तो गिळायचा. हसत.
शेजारणीचा श्वास कानानं मोजायचा
आणि तिच्याहून
एका बोटानंसुद्धा पुढे जायचं नाही :
एवढ्यासाठी सगळी नखं गेली.
कार्यक्रमपत्रिकेत तळाला बारीक अक्षरात माझं नाव,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.
मी कधी सुधारायला सांगितलं नाही.

टाचेची शीर तालमीत तुटली.
आवाज एवढा मोठा
की सगळ्यांनी वर पाहिलं, दिवा फुटला म्हणून.
मीसुद्धा वर पाहिलं.
कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं,
टंकलेखन चांगलं होतं.

आता माडीवर मी असते.
सांतानच्या मुलानं विजेची भट्टी आणली,
जमीन गार पडली आहे.
वल्हं तेच, मधोमध हातांनी गुळगुळीत झालेलं.
ह्या मुलींना मी आधी
ती सोळा पानं शिकवते. कंटाळतात.

परवा आई जिना चढून आली,
दाराशी पोत्यावर बसली, तासभर.
मग विचारलं, अकरा वर्षं राखून ठेवल्यासारखं,
तिथं तुला कुणी नावं ठेवली?
नाही गो, मी म्हटलं.
होतं तेही नीट छापलं नाही.
ती हसली की खोकली, कळलं नाही.
उठली. डब्यापाशी गेली.
अनवाणी अंगठा राळेत टेकवला,
जरासा दाबला.
एक खडा मोडल्याचं ऐकू आलं.

वल्ह्याशी मुली थांबून बघत होत्या.
पाठ, मी म्हटलं.