नमुना

एम.ए.चं दुसरं वर्ष, औद्योगिक मानसशास्त्र.
विषय मंजूर झाला त्या दिवशी टिळेमॅडम म्हणाल्या,
माणसं मोजायची तर आधी नमुना ठरव.

अंबडला, गरवारे पॉइंटपासून आत दोन वळणं,
स्विचगिअरचे सुटे भाग करणारी कंपनी.
पॅकिंगच्या हॉलमध्ये बासष्ट जणी.
पुरेत, मॅडम म्हणाल्या, आकडेवारीला पुरेत.

प्रश्नावली माझी. अठ्ठावीस विधानं,
प्रत्येकापुढे पाच चौकटी,
पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत
जिना उतरावा तशा.
'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो.'
'माझे वरिष्ठ माझे म्हणणे ऐकून घेतात.'
कागद वाटायला भामरे सुपरवायझर स्वतः आले
आणि भरून होईपर्यंत
हलले नाहीत.

पहिल्या दिवशी कॅन्टीनच्या पोऱ्यानं
माझ्यासाठी कपबशी आणली, निळ्या फुलांची,
मॅनेजरच्या केबिनमधली.
परमनंट अकराजणींना स्टीलचे पेले.
बाकीच्यांना कागदी कप.
हे मी वहीत लिहिलं नाही.
मला वाटलं, चहा आहे.

जानेवारीत हॉल असा गारठतो
की खोक्यांवरची चिकटपट्टी धरत नाही.
मी आठ ते चार उभी, हातात वही.
पहिल्याच आठवड्यात माल नऊ टक्के जास्त निघाला.
भामरे खूश. मीही, खरं सांगायचं तर:
पुस्तकात असंच होतं,
कुणी बघतंय म्हटलं की हात चालतात.
पुढचं पुस्तकात नव्हतं.
ते द्रौपदा खैरनारनं सांगितलं, पट्टी दातानं तोडत:
"ताई, तुम्ही महिन्यानं जाल.
टार्गेट इथंच राहील."

मी काहीतरी म्हणाले.
गोपनीयता, असा काहीसा शब्द होता त्यात.

त्यानंतर मला नाव पडलं. नमुना.
'आला का गं आज नमुना?'
शटरपासून वजनकाट्यापर्यंत हसू पसरत जायचं
आणि मी जवळ गेले की
सगळ्या मन लावून बॉक्स मोजायच्या.

फॉर्म क्रमांक एक्केचाळीस.
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खुणा 'तटस्थ'वर,
ओळंबा सोडल्यासारख्या सरळ.
असा फॉर्म बाद करायचा असतो.
पपया नर्सरीच्या स्टॉपवर उभी राहून
मी तो सहज उलटला.
मागे पेन्सिलीनं, अक्षर शाळेतलं:

ताई जिथं ऊन येतं तिथं उभ्या ऱ्हातात.
बोलायच्या आधी भामरेसायबाकडं बघतात.
हसू आलं की वही तोंडापुढं.
साडेतीनपासून घड्याळ, चार वेळा.
काम आवडतं का, माहीत नाही.
विचारलं नाही, कसं विचारणार.

नाव नव्हतं.
नाव टाकू नका, असं मीच बजावलं होतं.
बस आली, गेली.
मला एवढं नीट
कोणी पाहिलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी पोऱ्या ट्रे घेऊन आला
आणि माझ्यापुढे कागदी कप धरला.
कपबशी फुटली का रे, मी विचारलं.
कुणी बोललं नाही.
द्रौपदा खोक्यावर जराशी सरकली.
सात मिनिटांचा ब्रेक, त्यातलं एक
मी उभं राहायचं की बसायचं यात घालवलं.
कप पकडता येत नाही मुळी,
बोटं भाजतात, कड मऊ पडते,
दोन घोटांत तळ.
वही कुठे ठेवली होती, आठवत नाही.

प्रबंधात संख्या एकसष्ट आहे.
एकीबद्दल तळटीप, बारीक टाइपात.
मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली.
बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा वर सरकवला:
हॉलमध्ये बासष्ट होत्या ना? एक कुठे गेली?

उत्तर मला येत होतं.
पण बोलायच्या आधी मी
टिळेमॅडमकडे बघितलं.