सुकाणू समिती

सांगलीत सुकाणू फक्त पेपरात असायचं:
पक्षाचं, संस्थेचं, साखर कारखान्याचं.
कुणी ते हाती घेई, कुणी सोडी,
पण ते कधी ओलं झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

हे मात्र ओलं आहे.
टोल्सबरीच्या खाडीकाठी, खारवट गवतात
अकरा हिवाळे काढलेल्या होडीच्या पाठीवरून
फेब्रुवारीत मी ते उचकटलं,
तर खालच्या कडीतलं हिरवट पाणी
बाहीत शिरलं, थेट कोपरापर्यंत.

होडी थरगुडबाईंची. नवरा गेल्यापासून तशीच.
किंमत विचारली तर म्हणाल्या,
"शीड उभारलंस की हाक मार,
मी बांधावर येऊन उभी राहीन."

पात्याची कड बोटानं दाबली. बोट आत.
किडलेली दाढ अशीच असते, वरून शहाणी.
कोरत गेले, खणखणीत लाकूड लागेपर्यंत,
मग इपॉक्सीत भुसा कालवून
घट्ट पिठल्यासारखं भरलं.
स्क्रूंची भोकं सैल झालेली,
तीही बुजवली, पुन्हा पाडली.

वरची खुंटी आखूड, खालची लांब.
लांब आधी कडीत बसते, मग आखूड आपसूक सापडते.
दोन्ही सारख्या असत्या तर
हलत्या होडीतून उलटी लोंबकळत
एका वेळी दोन भोकं शोधत बसले असते.
हे ज्याला पहिल्यांदा सुचलं
त्याचा पुतळा कुठल्याच चौकात नाही.

दांडा ॲशच्या लाकडाचा.
टोकाशी, मूठ येते तिथं,
डाव्या अंगाला चार उथळ खाचा.
मी बोटं ठेवली. बसली.
चाळीस वर्षांचा एक हात, माझ्या हाताखाली.
बाकीचा दांडा घासला,
ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, दोनशेचाळीसचा,
ती जागा तेवढी सोडली.
आणि वार्निशचे सात हात दिले
त्या एका हाताला वळसा घालून.

एप्रिलात थरगुडबाई आल्या, थर्मास घेऊन.
मी म्हटलं, हा बघा, क्लाइव्हचा हात.
त्यांनी चष्मा शोधला, लावला,
बराच वेळ बघत राहिल्या.
"हा बिस्किट," म्हणाल्या.
"आमचा कुत्रा. एक्क्याण्णवचा उन्हाळा.
क्लाइव्ह दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही."

तीस वर्षं मी कवळ्या घडवते.
वरची, खालची, चावा जुळतो का ते
निळ्या कागदावर दाबून बघते.
कोलचेस्टरमधली निम्मी म्हातारी माणसं
माझ्या दातांनी टोस्ट खातात.
आणि मला दात ओळखता आले नाहीत.

बाई हसल्या, डोळे पुसले,
कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या,
"क्लाइव्ह तर दांडा गुडघ्यानंच धरायचा.
हातात त्याच्या चहा असे."

आज भरती साडेदहाची.
खुंट्या बसल्या, पिन टोचली, टोकं मुरडली.
खाडीच्या तोंडाशी दोरी ओढून पातं खाली सोडलं,
दोरी खिट्टीला गुंडाळली.
दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे:
हे मला कळतं, हाताला अजून नाही.
दोनदा गवतात घुसले.

खालची कडी खुटखुटते.
अर्धा मिलिमीटर राहिलाच कुठंतरी.
बांधावरून बाई ओरडून काहीतरी सांगतायत,
वारा त्यांच्याकडेच जातोय,
मला फक्त हातवारे दिसतात.
बोटं बिस्किटच्या दातांत आहेत.
बसतात अजून. काय करू.

पाणी रुंद झालं. वारा एका अंगाला स्थिर.
इकडेतिकडे बघून
मी हळूच गुडघा लावून पाहिला.
धरलं की.

चहा आणायला हवा होता.