रात्रपाळी, कमाटीबाग

बॅटरी मारली की काचेआडून
दोन डोळे पेटतात.
लाजवंती. वीतभर.
दक्षिणेच्या कुठल्याशा रानातून
बडोद्याला आली, पेंढा भरून.

डोळे खोबणीत फिरायचे नाहीत हिचे,
म्हणून मान वळवायची, पार पाठीपर्यंत.
फांदी धरली की धरली;
मनगटात रक्ताची सोयच अशी
की हाताला मुंग्या येत नाहीत.
उलट हीच मुंग्या खायची, विषारीसुद्धा.

तर्जनीचा नुसता खुंट.
जन्मात कुणाकडे बोट दाखवलं नसेल.

परमारसाहेब म्हणतात,
खानविलकर, डोळ्यांत तेल घालून बसा.
बसतो.
दोनच्या सुमारास
दंडुक्यावरचा हात बधिरतो,
मग झटकत येतो इथवर.

डोळे काचेचे आहेत, ठाऊक आहे.
तरी बॅटरी विझवण्याआधी
सांगतो तिला.