हात मागे बांधून

ठाण्याहून आलेल्या सरांनी
टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात
ओपीडीच्या बाकांचा वर्ग केला
आणि पाच रंगांची जॅकेटं टेबलावर मांडली
जत्रेतल्या दुकानासारखी.
चिठ्ठ्या टाकल्या. लाल मला निघालं.
विशे सिस्टर, तुम्ही घटना नियंत्रक.
डॉक्टर कांबळींना निळं, ते माझ्या हाताखाली.
फार्मसीतले फर्डे इतके हसले
की चष्मा निसटला.

नियम पहिला, सर म्हणाले,
नियंत्रकानं रुग्णाला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, सर, चोवीस वर्षं झाली,
झोपेतसुद्धा मी कुणाची तरी नाडी धरते.
ते म्हणाले, तुम्ही एकाची धरलीत
की बाकीच्यांना वाली नाही.
हात मागे बांधा, शाळेत बांधायचात तसे.

मग मैदानात आश्रमशाळेची पोरं निजवली,
कपाळांवर काताचं पाणी, गळ्यात चिठ्ठ्या.
लाल म्हणजे आत्ता. पिवळी म्हणजे जरा थांब.
हिरवी, तू चालत ये.
काळीपाशी सर काही बोलले नाहीत,
नुसता खडू खाली ठेवला.

काळी लहानू पारधीच्या गळ्यात.
बाकीच्यांना उचललं, पाणी दिलं, बिस्किटं दिली,
हा उन्हात तसाच.
एक डोळा उघडून म्हणाला,
"बाई, मेलेल्यानं किती वेळ पडायचं?"
सगळे हसले. मीही हसले.

जॅकेटं कपाटात गेली.
कपाटाची किल्ली स्टोअरच्या बाबूंकडे.

वैशाखात, रात्री पावणेअकराला,
मोरोशीच्या पुढच्या वळणावर
हळदीचा टेम्पो उलटला.
गोटीराम मेंगाळ रुग्णवाहिकेतून बोलला,
"बाई, मोजता येत नाहीत."
बाबू रजेवर होते.

लेबर रूममधला लाल रबरी कपडा
मी खांद्यावर टाकला
आणि दारात उभी राहिले, वजनकाट्याशेजारी.

सगळेच पिवळे होते.
केसांत हळद, कानांत हळद, नखांत हळद,
पिवळी चिठ्ठी त्या रंगात बुडून जायची.
ह्याचं उत्तर सरांच्या कागदांत नव्हतं.
मी म्हटलं, पिवळ्याला चिठ्ठी नको,
मनगटाला बँडेजची गाठ.
सफाईच्या सोनकी हिलमनं गाठी मारल्या,
मोळीला मारतात तशा.
एकही सुटली नाही.

डॉक्टर आतून ओरडायचे, "सिस्टर, आता कोण?"
आणि मी सांगायचे. मी.
तोंडानं. हात मागे.

एक करवली आणली.
हिरवा चुडा अर्धा शाबूत.
तिनं हात उचलला, माझ्याच दिशेनं,
की तो नुसताच उचलला गेला, मला माहीत नाही.
मी श्वास पाहिला. पुन्हा पाहिला.
मागे अकराजण ओळीत होते.
काळी, म्हटलं.
सोनकीनं माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि चिठ्ठी बांधली.

पहाटे चारला हिशेब:
आले एकतीस.
नऊ उल्हासनगरला, सहा मुरबाडला,
चौदा घरी, आपल्या पायांनी.
दोन कमी येतात.
बेरीज पुन्हा केली.
फर्डे म्हणाले, सिस्टर, बरोबर आहे, राहू द्या.

मग तो लाल कपडा घडी करून जागेवर ठेवला,
आणि मागच्या खोलीत जाऊन
तिचं मनगट धरलं.
सवयीनं घड्याळाकडे पाहत,
पूर्ण एक मिनिट.

ठाण्याला अहवाल पाठवायचा असतो.
शेवटचा रकाना: सुधारणेसाठी सूचना.
मी लिहिलं,
किल्ली दारामागच्या खिळ्याला असावी.
पिवळ्या चिठ्ठ्यांचा रंग बदलावा,
लग्नसराई अजून महिनाभर आहे.