बाकावरची जागा

सप्टेंबरात गुरं डोंगरावरून खाली उतरतात,
शिंगांना फुलं, गळ्यात ताटाएवढ्या घंटा,
आणि सुर्सेल्वातलं अख्खं गाव रस्त्याकडेला येतं.
तिथेच आम्ही टेबल मांडलं, लादिना आणि मी.
मतदानाला आठ दिवस.
एक चष्मा: काळा, जड, घोड्याच्या झापडांसारखा,
फक्त ही झापडं बाजूचंही दाखवणारी.

"चार मिनिटं," लादिना सांगायची,
"मान वळवा, मागेही खोली आहे."
पोरांनी रांग लावली. एकीला गरगरलं.
पाद्रीबाईंनी न घालताच छान म्हटलं.

मग तुमाश कादुफ आला, बाह्यांना ताकाचा वास.
"मला हे पटायचं नाही," आधीच सांगून टाकलं,
आणि टोपी काढून माझ्या हातात दिली,
चर्चमध्ये शिरताना काढतात तशी.

आत काय दिसतं ते मला पाठ आहे:
आपल्याच कचेरीतली नोंदणीची खोली, तेच पिवळे पडदे,
टेबलापाशी दोन नवरदेव, एकाचा कोट जरा आखूड,
बाई पेन झटकते, शाई उतरत नाही,
आणि तुम्ही पाहुण्यांत, पहिल्या बाकावर.

तुमाश समोर बघेचना.
मान वळवून मागे, दाराकडे.
दारात आम्ही कुणालाच उभं केलं नव्हतं;
तिथे तर चित्राचा जोड आहे,
चौकट मध्येच तुटते.

त्याचा भाऊ लुरेन झुरिकला ट्राम चालवायचा.
परत आला तो पेटीतून.
त्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर
एक माणूस पावसात छत्री मिटून उभा होता.
"घरमालक असेल," म्हणाले लोक.
हे मला आईनं सांगितलेलं. तुमाशनं कधीच नाही.

चौथं मिनिट संपत आलं.
आमच्या खऱ्याखुऱ्या, डुगडुगत्या बाकावर
तुमाश कादुफ, डोळ्यांवर काळा डबा,
जरासा सरकला.
शेजारची फळी तळहातानं पुसली,
दोनदा.

चष्मा निघाला तेव्हा डोळ्यांभोवती लाल वळ.
"ते पडदे," तो म्हणाला, "कधीचे धुवायला झालेत."
टोपी मागितली. गुरांमागून गेला.

त्याच्या पाकिटात काय होतं, माहीत नाही.
टपालानं गेलेलं मत कुणाशी बोलत नाही.

अंधार पडता लादिनानं टेबल मिटलं,
चष्म्याच्या काचा पुसल्या,
म्हणाली, बाक टाक गाडीत.

थांब जरा, म्हटलं.